तुम्ही विचारलंत म्हणून: आमची कोलंबी मासे का खात नाही

"तुम्ही शाकाहारी, म्हणून त्या मुक्या जिवालाही भात-पनीरच का हो?"

बागेत, लिफ्टमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मला हा प्रश्न आलाय. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत कुत्रीबद्दल दया असते आणि माझ्याबद्दल थोडा राग. दर वेळी मी "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणून सुटते. आज सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, आम्ही मालवणकडचे. ठाण्यात येऊन तीस वर्षं झाली, पण बुधवार, शुक्रवार, रविवार ओट्यावर मासळी किंवा मटण-कोंबडी नसेल तर माझे सासरे, अण्णा, घरात कुणी आजारी आहे का ते विचारतात. आणि कुत्रीचं नावच कोलंबी आहे. आणली तेव्हा सोललेल्या कोलंबीसारखं वेटोळं करून झोपायची, म्हणून. जात शिट्झू. कोलंबी नावाची कुत्री कोलंबी खात नाही, यावर आमच्याकडे सगळे विनोद करून झाले आहेत.

चार महिन्यांची झाली तेव्हा ती 1.3 किलोची होती. तिचा सख्खा भाऊ घोडबंदरला एका ओळखीच्या घरी आहे, तो तेव्हा अडीच किलोचा झाला होता. आम्हाला वाटलं, नाजूक आहे, भरवलं पाहिजे. कोंबडीवाल्याने सल्ला दिला, "कलेजी घाला, ताकद येते." तो चांगल्या मनानेच म्हणाला. त्या रविवारी मी दोन तुकडे उकडून घातले. तासा-दीड तासाने ती जेवणाच्या टेबलाभोवती एकाच दिशेने फिरायला लागली. मग फ्रीजशेजारच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली. तोंडातून लाळ, हाक मारली तर कान हलत नाही. शेजारच्या काकूंनी मीठ-मिरची ओवाळली. सकाळी कोलंबी ठणठणीत, चप्पल चावत होती, त्यामुळे मिरचीचा गुण आला असं सगळ्यांनीच धरून चाललं.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. पहिल्या डॉक्टरांनी जंताचं औषध, कॅल्शियम आणि लिव्हरचं टॉनिक दिलं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतला एक आकडा, थोडंसंच वर होतं, म्हणून लिव्हर बरं आहे म्हणाले. त्यांना दोष देत नाही, कारण रिपोर्टवर नजर टाकली तर तसंच वाटतं. मला एक खोड आहे, दुधाचा हिशेब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. तिच्या फेऱ्यांच्या दिवसावरही मी एक गोल काढत गेले होते. दुसऱ्या डॉक्टर बाईंना मी ते पान फाडून नेऊन दाखवलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी काय असतं?"

काय असणार, वरण-भात. सगळे गोल बुधवार, शुक्रवार, रविवारवर होते.

तिथून गाडी रुळावर आली. त्यांनी जुने रिपोर्ट पुन्हा वाचले. युरिया कमी, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन) कमी. युरिया वाढला की किडनीची काळजी करायची हे आपल्याला माहीत असतं, पण तो कमी असला की कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. युरिया तयार करतं लिव्हर, अमोनियापासून. मग बाइल अ‍ॅसिडची तपासणी झाली, म्हणजे पित्तातली आम्लं लिव्हर रक्तातून परत काढून घेतं का ते पाहायचं: एकदा उपाशी पोटी रक्त घेतलं, एकदा जेवणानंतर 2 तासांनी. एवढ्या लहान पिल्लाची साखर उपासाने घसरू शकते, म्हणून तो वेळ तिला दवाखान्यातच डोळ्यांसमोर ठेवलं. दोन्ही आकडे जास्त आले, जेवणानंतरचा तर कितीतरी पट. सोनोग्राफीत लिव्हर लहान दिसलं. निदान झालं: पोर्टोसिस्टेमिक शंट.

अण्णांना मी ते असं समजावलं. पोटातून, आतड्यातून निघणारं सगळं रक्त आधी लिव्हरच्या चेकनाक्यावर जायला हवं. तिथे मालाची तपासणी होते, विषारी माल उतरवून घेतात, मग गाडी पुढे शरीरात. हिच्या पोटात जन्मापासून एक चोरवाट आहे. ट्रक नाका चुकवून मागच्या गल्लीतून थेट शहरात शिरतात. आतड्यातले जंतू प्रथिनं फोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो, तो न तपासता मेंदूपर्यंत जातो आणि ती भिंतीला डोकं लावून उभी राहते. नाक्यावर कामच येत नाही, म्हणून नाकाही वाढत नाही. छोट्या जातींत ही वाट बहुधा लिव्हरच्या बाहेर असते, मोठ्या जातींत बहुधा आत. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग, शिट्झू, या सगळ्यांत ही भानगड आढळते. अण्णा मुलुंडचा चेकनाका पाहिलेले गृहस्थ. त्यांना लगेच पटलं.

आता भात-पनीर. सगळी प्रथिनं सारखी नसतात. मटण, मासे, आणि विशेषतः कलेजी यांतून अशा पिल्लांत अमोनियाचा त्रास जास्त होतो, दुधातली, अंड्यातली आणि डाळीतली प्रथिनं बरीच जास्त सोसतात. म्हणून मी दूध फाडून बिनमिठाचं पनीर करते, मऊ भात, उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा, थोडी मूगडाळ, अधूनमधून अंडं. कांदा-लसूण कुत्र्याला एरवीही चालत नाही. सगळं वजनकाट्यावर मोजून, दिवसातून पाच वेळा. एकदम पोटभर दिलं तर एकदम अमोनिया, फार वेळ उपाशी ठेवलं तर साखर खाली, म्हणून पाच.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण लोक इंटरनेटवर "लिव्हर डाएट" वाचून पिल्लाला नुसत्या पेजेवर ठेवतात. वाढत्या पिल्लाची प्रथिनं तोडायची नसतात, बदलायची असतात. फारच कमी दिली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं, आणि अमोनिया मुरवण्याच्या कामात स्नायूच लिव्हरला हात देत असतात. शिवाय भात-पनीरमध्ये पिल्लाला लागणारं कॅल्शियम, झिंक, जीवनसत्त्वं योग्य प्रमाणात नसतात, त्यांची पूड डॉक्टर बाईंनी वजनावर मोजून लिहून दिली आहे. लिव्हरसाठीचं तयार खाणं मिळतं आणि ते चांगलं असतं. आमच्या बाईसाहेबांनी त्याकडे पाठ फिरवली, म्हणून हा खटाटोप. माझी कृती उचलून आपल्या कुत्र्याला घालू नका, प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

खाण्याइतकंच महत्त्वाचं औषध लॅक्ट्युलोज. हो, तेच, माणसांच्या बद्धकोष्ठाचं. ते आतड्यात आंबटपणा वाढवतं, त्यामुळे अमोनिया रक्तात शिरू शकत नाही असं रूप घेतो, आणि पोट साफ राहिलं की माल आत साठून राहत नाही. अण्णा गेली चार वर्षं रात्री तेच घेतात. चव दोघांनाही आवडत नाही. कोलंबीचा डोस सुईशिवायच्या सिरिंजने, आणि तो कमी-जास्त करायचा शीवरून: दिवसाला दोन-तीन वेळा, मऊ, पण पाण्यासारखी नाही. घट्ट झाली तर अमोनिया चढतो, पातळ झाली तर अंगातलं पाणी जाऊन तेच संकट दुसऱ्या दाराने येतं. "शुगर-फ्री" लिहिलेलं कुठलंही सिरप घरात आलं की मी आधी लेबल वाचते, झायलिटॉल कुत्र्याचं लिव्हरच मारू शकतं. पॅरासिटामॉलही तसंच, तापाची गोळी आपल्या मनाने कधीच द्यायची नाही. सुरुवातीचे काही आठवडे अँटिबायोटिकही होतं. जंत वेळेवर काढणं आता नुसती रीत राहिलेली नाही, कारण आतड्यात रक्त झिरपलं तर तेही शेवटी पोटात गेलेलं मांसच.

हे सगळं मी पाळते. घर पाळत नाही. गटारीला पुतणे आले, टेबलाखालून कुणीतरी सुक्या चिकनचा तुकडा सोडला. रात्री दोनला कोलंबी उभीच राहू शकेना. अशा वेळी तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतं. तसंच कुशीत धरून रिक्षाने दवाखाना गाठला, त्यांनी तिथे औषधाचा एनिमा दिला, सलाइन लावलं. पहाटे तिने माझा अंगठा चाटला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण सुरू झाला. घरात महिनाभर काही शिजणारच नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला श्रावण संपूच नये असं वाटलं.

पुतणे पोरं आहेत. खरी लढाई अण्णांशी होती. ते परळच्या गिरणीत होते, बैलघोडा हॉस्पिटलच्या आसपास आयुष्य गेलं, त्यामुळे जनावरांतलं आपल्याला जास्त कळतं असं त्यांचं मत. "तिका जरासो बांगडो दी गो. एक तुकडो खाल्ल्यान तर काय होतला?" प्रेमाने भरवणाऱ्या हाताला नाही म्हणणं हे या आजारातलं सर्वांत अवघड काम आहे, औषध त्यापुढे सोपं. मी भांडून पाहिलं, रुसून पाहिलं. शेवटी गटारीच्या रात्रीचा फोनवरचा व्हिडिओ दाखवला, भिंतीला डोकं लावलेली कोलंबी. अण्णा चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

दुसरा प्रश्नही येतो, ऑपरेशन का नाही केलं? करणार आहोत. त्या चोरवाटेवर एक कडं बसवतात, ते आतून हळूहळू फुगतं आणि काही आठवड्यांत वाट बंद करतं. एका झटक्यात बंद केली तर सगळा दाब अचानक लहानशा लिव्हरवर येतो. जमत असेल तिथे ऑपरेशन झालेली कुत्री सहसा जास्त जगतात, हे बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. मी सांगतेय ती देखभाल वाट बंद करत नाही, ती फक्त तोवर पिल्लाला सांभाळते. पण भूल सोसायला आधी अंगात बळ हवं, आणि खर्च जमवायला आम्हालाही वेळ हवा होता. आता ती 3.4 किलोची आहे. पुढच्या महिन्यात सीटी स्कॅन, वाट नेमकी कुठून जाते ते पाहायला.

तोवर सकाळचा फेरा अण्णांकडे. पिशवी, कागद, काठी घेऊन दोघं खाली जातात. सातच्या सुमारास दाराची बेल वाजते, मी पोळ्या लाटत असते, आणि अण्णा चप्पल काढायच्या आधीच अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगतात, "दोनदा झाला. मऊ." मग जरा थांबून, "माझा अजून नाय."