ताईसाठी वही

रात्रीचे साडेअकरा. माझा स्वमग्न (ऑटिस्टिक) लेक झोपलाय.

आज एकदाची वही लिहायला घेतली. माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकलतेय. एकदा त्याला बघायला कुणी नव्हतं, एकदा मलाच ताप आला, नंतर मीच विषय काढेनाशी झाले. शेवटी ताई म्हणाली, "दोन दिवस मी येऊन राहते. फक्त मला सगळं लिहून दे." सगळं! 29 वर्षांचं सगळं!

मिक्सर लावण्याआधी 'लावते हं' म्हणायचं आणि तो कानांवर हात ठेवेपर्यंत थांबायचं. निळा शर्ट वाळला नसेल तर 'हरवला' म्हणू नकोस, दोरीवरचा ओला शर्ट दाखव. 'चल पटकन' नको, काटा कुठे आला की निघायचं ते सांग. चौदा पानं भरली, आणि वहीत अजून दुपारचे चारच वाजले होते. त्यालाही दाखवली. त्यानं 'मिक्सर'खाली दोन रेघा ओढल्या.

ह्यांनी वाचली आणि म्हणाले, "यातलं निम्मं मलाही माहीत नव्हतं." आधी राग आला. पण मी तरी कधी सांगितलं? माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, हे ऐकायला बरं वाटायचं की मला.

तो लहान होता तेव्हा थेरपिस्ट होत्या, वर्गाबाहेर बाकावर बसणाऱ्या इतर आया होत्या. शाळा संपली तसं एकेक माणूस गळत गेलं. आता भेटणारे विचारतात ते एवढंच, की तुमच्यानंतर त्याचं काय. आत्ता तुमचं काय, हे नाही.

ते विचारलं समुपदेशक बाईंनी, तेही कागदावर. झारिट यांची प्रश्नावली, मुळात स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी केलेली. 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? झटकन 4. त्याच्याजवळ असताना राग येतो का? इथे पेन्सिल थांबली. 2 लिहिले, खोडले, 3 केले. याहून जास्त करायला हवं असं वाटतं का? इथे विचार करायची गरजच नव्हती. एके काळी तर आईच्या थंडपणामुळेच मूल स्वमग्न होतं असं तज्ज्ञ सांगायचे. 1964 साली बर्नार्ड रिमलँड यांनी ते खोडून काढलं. ते मानसशास्त्रज्ञ, आणि अशाच एका मुलाचे वडील. खोडलं तरी आपल्या मनातून कुठे जातं ते.

बाईंनी आणखी एक सांगितलं. स्वमग्न किशोरवयीन आणि प्रौढ मुलांच्या आयांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, तपासलं, तर ते इतर आयांपेक्षा कमी भरलं. वर्षानुवर्षं ताण सोसला की शरीर असं थकतं म्हणे. ऐकून मला चक्क हायसं वाटलं. सकाळी उठवत नाही त्याला आळसच म्हणत होते मी.

नऊ वाजता ताईचा फोन. वहीचे फोटो वाचले होते तिनं. "तो चिडला तर काय करायचं ते लिहिलंस. मला रडू आलं तर?"

पंधरावं पान: बाथरूममध्ये जा, कडी लाव, नळ सोड. पाच मिनिटं. तो दारावर तीनदा टकटक करेल. ओ दे, पण लगेच उघडू नकोस.