शिंपला, मोती आणि विश्वनाथन

खंबाटकी उतरून गाडी सपाटीला लागली, की शेजारी बसलेलं माणूस विचारतंच. तोवर माझी तीन-चार गाणी वाजून झालेली असतात आणि त्याचा सोशिकपणा संपत आलेला असतो. "हे काय लावलंय? तमिळ येतं तुम्हाला?" येतं, भाजीवाल्याशी भांडता येईल इतपत. मग पुढचा प्रश्न. "इलैयाराजा, रहमान समजू शकतो. हा कोण?" मी म्हणते, एम. एस. विश्वनाथन, जुन्या तमिळ सिनेमाचा संगीतकार, आणि 'सांगेन कधीतरी' म्हणून वेळ मारून नेते. ट्रकच्या गर्दीत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. पण इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून आता एकदाच बसून लिहिते.

१९८७ साली बँकेने माझी बदली मद्रासला केली. शहराचं चेन्नई व्हायला अजून नऊ वर्षं होती. पश्चिम मांबळममध्ये एका मामींच्या घरात वरची खोली मिळाली. घरमालकीण असो की शेजारीण, तिकडे मामीच. रस्त्यावर तेव्हा इलैयाराजाचं राज्य होतं. टपरीवर तो, बसमध्ये तो, लग्नाच्या मांडवातही तोच. मामींच्या स्वयंपाकघरात मात्र कॅलेंडर पंधरा-वीस वर्षं मागे होतं. खिडकीत एक टेपरेकॉर्डर. त्याचं झाकण तुटलेलं, म्हणून कॅसेटवर रबरबँड ताणून बसवलेला. सकाळी डिकॉक्शन उतरत असायचं, मामी टंबलरमधून डबऱ्यात, म्हणजे त्याच्या जोडीच्या वाटीत, आणि डबऱ्यातून टंबलरमध्ये कॉफी ओतत असायच्या, आणि त्या रबरबँडखालून विश्वनाथन गात असायचा. म्हणजे गाणारे दुसरेच असायचे; पण मामी गायकाचं नाव कधी सांगत नसत. सगळं 'विश्वनाथन'च.

माझी तमिळची पहिली शिकवणी एका गाण्यावर झाली. के. बालचंदरांचा 'वरुमैयिन निरम सिवप्पु' हा १९८०चा सिनेमा. दिल्लीत नोकरीसाठी वणवण करणारा कमल हासन आणि श्रीदेवी. या गाण्यात ती नुसत्या 'तननन'मध्ये चालीचा तुकडा गाते आणि तो तिथल्या तिथे त्यावर शब्द बसवतो. ती तुकडा अवघड करत जाते, तोही हटत नाही. आवाज एस. जानकी आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांचे. पहिली ओळ अशी: 'सिप्पि इरुक्कुदु, मुत्तुम इरुक्कुदु, तिरंदु पार्क्क नेरमिल्लडी राजाती.' शिंपला आहे, मोतीही आहे, उघडून बघायला सवड नाही गं राणी. मामींनी एकेक शब्द सुटा करून दिला. 'इरुक्कुदु' म्हणजे आहे. 'नेरम' म्हणजे वेळ. मी खूश. दुसऱ्या दिवशी कॅश बंद व्हायला पाच मिनिटं असताना धोतरातले एक वयस्कर गृहस्थ काउंटरवर आले, आणि मी ऐटीत म्हणाले, "नेरमिल्लडी." ते आधी बघतच राहिले. मग हसत हसत त्यांनी पुढचं 'राजाती' म्हणून टाकलं. तो 'डी' लाडातल्या बाईमाणसासाठी असतो, हे मामींनी सांगायचं राहून गेलं होतं.

हे गाणं म्हणजे विश्वनाथनांच्या खोलीत रोज काय चालायचं त्याचीच गोष्ट आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आपल्याकडे भावगीतात बहुतेकदा कविता आधी, चाल मागून. तिकडे सिनेमात अनेकदा उलट. संगीतकार पेटीवर चाल धरणार, 'तननन' म्हणून दाखवणार, आणि कवी त्या मापात ओळी टाकणार. त्या मापाला ते 'संदम' म्हणतात, आपला 'छंद' तोच. विश्वनाथनांसमोर बसणारा कवी बहुतेक वेळा कण्णदासन. आपल्याकडे गदिमा आणि बाबूजी म्हटलं की जे समजायचं ते समजा. दोघांची जन्मतारीखही एकच, २४ जून. कण्णदासन १९२७चे, विश्वनाथन १९२८चे. शब्द आधी आणि चाल मागून असंही या दोघांनी केलंच, पण गाणं ऐकताना कोण आधी आलं ते ओळखू येत नाही. माझ्या मते या माणसाची सगळी करामत इथेच आहे. त्याच्या चाली बोलल्यासारख्या जातात. जिथे माणूस बोलताना थांबेल तिथे सूर थांबतो, जिथे गळा दाटेल तिथे वळतो. भाषा येत नसलेल्या माझ्यासारखीला शब्दाआधी वाक्य कळायचं. हा प्रश्न आहे, ही विनवणी आहे, ही थट्टा आहे, एवढं पहिल्या फेरीतच लागायचं.

एक उदाहरण देते, कारण त्याची हिंदी बहीण तुम्हाला माहीत आहे. 'दिल एक मंदिर'. मूळ तमिळ सिनेमा श्रीधर यांचा, १९६२चा 'नेंजिल ओर आलयम'. आजारी नवरा बायकोला सांगतो, मी गेलो तर तू या डॉक्टरशी लग्न कर. ती विचारते: 'सोन्नदु नीदाना? सोल, सोल, सोल, एन उयिरे.' हे बोललास तो तूच का? सांग, सांग, सांग, माझ्या जिवा. पी. सुशीलाबाईंनी ते तीन 'सोल' असे म्हटलेत, की पहिल्यात अविश्वास ऐकू येतो आणि तिसऱ्यापर्यंत नुसती याचना उरते. शंकर-जयकिशन माझेही लाडके, हिंदीतली गाणी उत्तमच आहेत. पण त्या प्रसंगासाठी मला हे तीन शब्दच आठवतात.

अशी कितीतरी घरं आपण मागच्या दाराने पाहिलेली आहेत. 'राखी', 'खानदान', 'आदमी', 'प्यार किये जा', 'मैं सुंदर हूं'. या सगळ्यांच्या तमिळ मूळ सिनेमांचं संगीत विश्वनाथन आणि टी. के. राममूर्ती या जोडीचं. राममूर्ती तिरुचिरापल्लीचे, व्हायोलिन वाजवणारे, विश्वनाथनांहून सहा वर्षांनी मोठे. सी. आर. सुब्बरामन हे संगीतकार १९५२मध्ये ऐन तारुण्यात गेले. त्यांचं अर्धं राहिलेलं काम या दोघांनी हातावेगळं केलं आणि तिथून जोडी जमली. डोळ्यांसमोर मुंबईची शंकर-जयकिशन जोडी होती. १९६५पर्यंत एकत्र, मग वेगळे, आणि पुन्हा एकत्र आले ते थेट १९९५मध्ये, एका सिनेमापुरते. का फुटले यावर मद्रासमध्ये प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. मामींकडे तीन होत्या. त्या मी लिहीत नाही.

या जोडीने तमिळ सिनेमाचं गाणं हलकं केलं. आधीचं गाणं कर्नाटक बैठकीचं भारदस्त वजन घेऊन चालायचं. यांनी त्यात बोंगो, ॲकॉर्डियन, पियानो, शीळ असं काय काय आणलं आणि रागही सोडला नाही. १९६३मध्ये मद्रासने दोघांना 'मेल्लिसै मन्नर' ही पदवी दिली. मेल्लिसै म्हणजे हळुवार, हलकं संगीत. मन्नर म्हणजे राजे. हे संगीत व्हायचं कसं ते बघायचं असेल तर 'सर्व्हर सुंदरम' या सिनेमातलं 'अवळुक्केन्न' बघा. गाणं रेकॉर्ड होतानाच दाखवलंय. माइकपुढे टी. एम. सौंदरराजन, समोर वादक, आणि विश्वनाथन स्वतः हातवारे करत वाद्यवृंद हाकताहेत. मला तर नायक नागेशच्या नाचापेक्षा तेच बघत बसावंसं वाटतं. आणि 'कादलिक्क नेरमिल्लै' या १९६४च्या विनोदी सिनेमात नोकरी गेलेला नायक मालकाच्या बंगल्याबाहेर पोरं जमवून घोषणा देतो: 'विश्वनाथन, वेलै वेंडुम!' विश्वनाथन, काम पाहिजे! मालकाचं नाव विश्वनाथन, संगीतकाराचं नाव विश्वनाथन. मामी हे गाणं लागलं की लाटणं वर करून घोषणा द्यायच्या.

काम पाहिजे, हे त्या मूळ विश्वनाथननेही पुष्कळ म्हटलं होतं. पालक्काडजवळचं एलप्पुळ्ळी हे गाव. वडील गेले तेव्हा पोरगं जेमतेम चार वर्षांचं. हलाखी अशी, की आई त्याला घेऊन जीव द्यायला निघाली होती आणि आजोबांनी वाचवलं, असं सांगतात. शाळा फारशी झालीच नाही. नीलकंठ भागवतरांकडे गाणं शिकला, तेराव्या वर्षी पहिली मैफल केली, आणि पोटासाठी सिनेमाच्या थिएटरात खाऊ विकला. मग कोइमतूरला स्टुडिओत हरकाम्या. तिथे एस. एम. सुब्बय्या नायडू हे संगीतकार एका चालीपाशी अडले होते. सगळे बाहेर गेले असताना या पोराने पेटीवर एक चाल लावून पाहिली. नायडूंनी ती ऐकली, घेतली आणि पोराला गप्प बसायला सांगितलं. कारण हरकाम्याने केलेली चाल मालकाने घेतलीच नसती. कंपनीने कोइमतूरचं बिऱ्हाड गुंडाळलं तेव्हा नायडूंनी मालकाला खरं सांगून टाकलं: ही चाल या मुलाची आहे, याला मद्रासला न्या. यातलं मला काय आवडतं, तर विश्वनाथन ही गोष्ट आयुष्यभर नायडूंच्या मोठेपणाची म्हणून सांगत राहिले. आपली चाल त्यांच्या नावावर गेली, हे त्यात गाऱ्हाणं म्हणून कधी आलं नाही.

मामींशी माझं एकदाच खरं भांडण झालं. 'अपूर्व रागंगळ'मधलं 'एळु स्वरंगळुक्कुळ' लागलं होतं. सात स्वरांत किती गाणी. मी म्हणाले, हा आवाज आमचा आहे. मामी उखडल्या. वाणी जयराम वेल्लोरची, तुमची कशी? मी म्हटलं, लग्न होऊन मुंबईला आली, वसंत देसाईंनी तिला 'गुड्डी'त गायला लावलं, आणि कुमार गंधर्वांच्या बरोबरीने ती 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' गायली आहे. गाऊन दाखवलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, उच्चार चांगले आहेत तिचे, तुझ्यापेक्षा. त्या तमिळ गाण्यासाठी वाणीबाईंना १९७५चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाल ज्याची त्याला नाही. त्याच सिनेमात 'अदिसय रागम' आहे, बालमुरलीकृष्णांनी घडवलेल्या अवघ्या चार स्वरांच्या महती रागातलं. चार स्वरांत सिनेमाचं गाणं करायला धाडस लागतं. राष्ट्रीय पुरस्कार नाही, पद्म नाही. पाव शतक एका भाषेला गायला लावलेल्या माणसाला दिल्लीने काहीच दिलं नाही. राज्य सरकारने २०१२मध्ये एक पदवी, साठ सोन्याची नाणी आणि मोटार दिली, तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते. मला अजूनही राग येतो. मामींना येत नसे. त्या म्हणायच्या, रोज सकाळी शाळेत उभं राहून कोणाचं गाणं म्हणतात ते बघ.

ते म्हणजे 'तमिळ ताय वाळ्त्तु', तमिळ मातेचं वंदनगीत. १९७०पासून तमिळनाडूत सरकारी कार्यक्रम याने सुरू होतो. २०२१मध्ये ते राज्यगीत झालं. पहिल्यांदा ऐकलं ते मामींच्या नातवाच्या शाळेत. सगळे उभे राहिले, मीही राहिले, आणि दुसऱ्या ओळीला वाटलं, अरे, हा तर भूप! त्यांचा मोहनम तो आपला भूप. शब्द मनोन्मणीयम सुंदरम पिळ्ळैंच्या १८९१च्या नाटकातले. पिळ्ळै अलप्पुळाचे, विश्वनाथन पालक्काडचे, दोघंही आजच्या केरळातले. ज्यांच्या आवाजात ते घरोघरी पोचलं, त्यांतले सौंदरराजन मदुराईच्या सौराष्ट्री घरातले, सुशीलाबाई तेलुगू. भाषेच्या अभिमानाचं गाणं, आणि पिळ्ळै सोडले तर ते करणाऱ्यांत जन्माने तमिळ बोलणारं माणूस शोधावं लागतं. हे मी बँकेतल्या एका कट्टर तमिळ सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग? तमिळ सगळ्यांना येते. तूच बाकी आहेस."

१४ जुलै २०१५ला विश्वनाथन गेले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते. तेव्हा मी पुण्यात होते आणि मामी आधीच गेल्या होत्या. त्या रात्री मी त्यांनी केलेलं गाणं लावलं नाही, त्यांनी गायलेलं लावलं. रहमानच्या 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल'मध्ये, २००२ साली, श्रीलंकेतून जीव घेऊन निघालेल्या माणसांच्या तोंडी एक गाणं आहे, 'विडै कोडु एंगळ नाडे'. निरोप दे, आमच्या देशा. त्यात त्र्याहत्तर वर्षांच्या विश्वनाथनचा आवाज आहे. खरखरीत, ताणून लावलेला. रहमानला हवे तितके गोड गळे मिळाले असते.

परवा भाचा शेजारी होता. त्याला सगळं सांगत बसले नाही, 'सिप्पि इरुक्कुदु' लावलं आणि अर्थ सांगितला. गेली तीसेक वर्षं मी या चालीत मराठी बसवू पाहतेय. 'शिंपला आहे, मोतीही आहे' इथपर्यंत गाडी जाते, पुढे 'उघडून बघाया' म्हटलं की ठेचकाळते. भाचा डॅशबोर्डवर बोटांनी मोजत होता.

"आत्या, 'उघडून' नाही बसत. 'फोडून' म्हण."

"शिंपला फोडायचा नसतो रे."

"मग सवड कुठून आणणार? आधी सवडीचं बघ. 'सवड नाही गं राणी गं.'"

"दोन-दोन 'गं'?"

"चाल परत लाव."

लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा शिरवळचा फाटा मागे गेला होता, आणि उतरायचं तिथेच होतं.