ल्यू हंगचं आधी वाचायचं की पाहायचं?

चिनी लेखक ल्यू हंग मुळात कादंबरीकार की पटकथाकार, आणि सुरुवात पुस्तकापासून करायची की सिनेमापासून? तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं तर, आधी वाचा. सिनेमात त्याने काय बदललं ते मगच दिसतं, आणि त्याची खरी हातोटी त्या बदलांत आहे.

जन्म १९५४, बीजिंग. आधी नौदल, मग मोटारींचा कारखाना, मग ‘बीजिंग साहित्य’ मासिकात संपादन. १९८८च्या ‘फूशी फूशी’ या लघुकादंबरीत शेतकऱ्याचं घर आहे: म्हातारा नवरा, विकत आणलेली तरुण बायको आणि नवऱ्याचा पुतण्या. तिच्यावरच्या, दिग्दर्शक झांग यिमोउच्या ‘जू दोऊ’ या सिनेमासाठी (१९९०) पटकथाही त्यानेच लिहिली आणि शेताच्या जागी कापड रंगवायचा कारखाना आला. पुस्तकात माणसांची घालमेल निवेदक सांगतो. पडद्यावर निवेदक नाही. ते काम उंचावरून सुटणारी लाल-पिवळी थानं आणि रंगाचे हौद करतात. शेवटही फिरला. पुस्तकात पुतण्या पाण्याच्या रांजणात डोकं खुपसून जीव देतो. सिनेमात त्याचा मुलगाच त्याला हौदात मारतो. सिनेमाचा शेवट भडक आहे. रांजण जास्त छळतो.

दुसऱ्याच्या गोष्टीवरही तो हेच करतो. ‘छ्यू च्यूची गोष्ट’ या सिनेमाची (१९९२, व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह पुरस्कार) पटकथा त्याने चेन युआनबिनच्या लघुकादंबरीवरून घेतली. सरपंचाने नवऱ्याला लाथ मारली म्हणून छ्यू च्यू ही बाई कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते. मूळ गोष्टीत ती गरोदर नाही. सिनेमात आहे, त्यामुळे प्रत्येक खेप जड होते, आणि अडलेल्या बाळंतपणात मदतीला धावणारा नेमका तोच सरपंच असतो. तिला हवा असलेला न्याय नको त्या वेळी मिळतो तो यामुळेच.

बिघडतं कुठे? जिथे गोष्ट बोलण्यावरच उभी असते तिथे. ‘बडबड्या झांग दामिनचं सुखी आयुष्य’ (१९९७ची त्याची लघुकादंबरी) म्हणजे गरिबीवर तोंडाने मात करणारा बीजिंगचा माणूस. १९९८च्या सिनेमाने त्याला थ्येनजिन शहरात नेलं, तिथली बोली दिली आणि दीड-दोन तासांत बसवलं. बडबडीला ऐसपैस जागा लागते; ती २०००च्या मालिकेत मिळाली. इंग्रजीत वाचणार असाल तर हॉवर्ड गोल्डब्लॅटने अनुवादलेली त्याची दुसरी कादंबरी ‘ब्लॅक स्नो’ घ्या.

दामिनची खोली मात्र विसरू नका. घर पुरत नाही म्हणून तो अंगणात खोली काढतो. मधलं झाड तोडायचं नाही, म्हणून भिंती त्याच्याभोवती बांधतो. खोड पलंगातून वर जातं. पुढे मुलगा होतो, त्याचं नाव शू. म्हणजे झाड.