खाडी दिसते त्याचे हजार

"खिडकीतून खाडी दिसते, त्याचे हजार जास्त," एजंट म्हणाला. बेलापूरच्या दिवाळे गावातली वन आरके. भाडं ९, म्हणजे आता १०. डिपॉझिट ४०, वर एक महिन्याचं भाडं त्याची दलाली.

खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवर दोरीला बोंबील, दोन पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्या फटीतून बोटभर खाडी.

दारातल्या घरमालकीण काकू खळखळून हसल्या. "आमी जन्मापासून बगतो, आमच्याकडं कोनी पैसं नाय मागितलं!"

एजंट गप्प. भाडं मात्र दहाच. काकू व्यवहाराला पक्क्या.

पण त्यांचा राग तरी कसा धरणार? १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. हाताशी राहिली गावठाणातली घरं, त्यांवर चढवलेले मजले. आणि सेक्टरमधली सोसायटी न परवडणारे आम्ही तिथेच येतो. २५ पगारात १० भाडं गेलं की लाइटबिल, लोकलचा पास, घरी पाठवायचे... जाऊ दे.

दिघा-ऐरोलीकडे आठपर्यंत खोली आहे का कुणाच्या माहितीत? अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करून देणारा मालक असेल तर उत्तमच. (कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच. पण हे मालकाला सांगणार कोण?)