मग तो कोर्टात बोलला का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. परवा लग्नात पंक्तीला बसल्यावर तुम्ही विचारलंत, त्याआधीही पुष्कळांनी विचारलंय: "पोलिसांनी खरंच मारलं असेल तर आरोपी न्यायाधीशांसमोर सांगत का नाही? तिथे तर त्याला कुणी हात लावू शकत नाही." जेवताजेवता दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नाही. पण कोठडीत माणूस गेला की जबाबदार कोण, हा वाद बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी येऊन अडतो, म्हणून नीट सांगते.

परभणीचंच बघा. डिसेंबर २०२४ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. विधानसभेत सरकारने सांगितलं की, न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला मारहाणीबद्दल विचारलं होतं आणि त्याने नाही म्हटलं होतं, शिवाय त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र मृत्यूचं कारण होतं अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. गुन्हा तरी नोंदवा, एवढ्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश टिकला.

म्हणजे जखमा अंगावर होत्या आणि "तक्रार नाही" हे कागदावर होतं. दोन्ही एकाच माणसाचं.

हे कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, पॅनलवर वकील असल्याने, ज्यांना वकील नाही त्यांचं रिमांडचं काम, म्हणजे कोठडी द्यायची की नाही त्या सुनावणीचं, माझ्याकडे येतं. काही वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून पकडलेला एक पोरगा आला होता. एकवीस-बावीसचा असेल. हवालदाराने त्याच्या बोटांत बोटं अडकवून हात धरला होता, पोरांना जत्रेत धरतात तसा. पोरगा चपला हातात घेऊन पावलांच्या कडांवर चालत होता. तळवे जमिनीला टेकतच नव्हते. आमच्या कोर्टाला दोन पायऱ्या आहेत, त्या चढताना त्याने श्वास ओढलेला मला ऐकू आला.

न्यायाधीशांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

"नाही साहेब."

सगळं मिळून पाच-सहा सेकंद. हवालदार हातभर अंतरावर उभा, तपास अधिकारी पुढे. पोलिसांनी मुद्देमाल हस्तगत करायचाय म्हणून पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला, तीन दिवसांचा मिळाला. मी बाहेर व्हरांड्यात त्याला गाठलं, म्हटलं, आत्ताच परत आत जाऊ, पाय दाखव, मेडिकलचा अर्ज देते. त्याने मान हलवली. "नको मॅडम. तुम्ही पाच वाजता घरी जाल. मला यांच्याबरोबरच जायचंय."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी एवढंच माहीत आहे. तुम्ही म्हणता तिथे पोलिसांचं काही चालत नाही. बरोबर, कोर्टात नाही चालत. पण ज्याला विचारलं जातंय त्याची रात्र कुठे जाणार आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही.

मारतात का, तर बऱ्याचदा रागाने नाही, कामाचा भाग म्हणून. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण आरोपीने दाखवलं म्हणून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून सगळा जोर "माल कुठंय" यावर. वरून साहेब गुन्हे उघडकीस का येत नाहीत म्हणून बैठकीत उभं करतात, तपासाला माणसं नाहीत, आणि हाताशी पट्टा असतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त फौजदारांनी हे मला अगदी शांतपणे, स्वतःला न वगळता सांगितलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदर आहे.

सांगलीत २०१७ साली अनिकेत कोथळेच्या बाबतीत काय झालं, आठवत असेल. चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण पोलीस कोठडीत मारहाणीत मेला. पोलिसांनी सांगितलं, पळून गेला. प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळलं होतं. भावंडांनी पिच्छा सोडला नाही म्हणून ते उघड झालं.

संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू नोंदले गेले. गुजरातेत ८०, त्याखालोखाल आपल्याकडे ७६.

नियम नाहीत असं मुळीच नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय: अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकांना कळवा, अंगावरच्या जखमांची नोंद करा, दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करा. तपासणी होतेही. फक्त डॉक्टरांच्या टेबलाशी तोच हवालदार उभा असतो. २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश झाला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग न घेता, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. पूर्वी पहिला पंधरवडा संपला की आरोपी मोकळा श्वास घ्यायचा, आता इतका काळ परत ठाण्यात नेतील ही टांगती तलवार राहते. अशात "तक्रार नाही" या दोन शब्दांवर किती भार टाकायचा?

ज्याच्या ताब्यात माणूस, त्याने उत्तर द्यायचं. गुरं राखायला दिली तरी आपण एवढं धरतोच. विधी आयोगाने १९८५ सालच्या ११३व्या अहवालात हेच सुचवलं होतं: कोठडीत इजा झाली असेल तर ती त्या वेळी ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली, असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. मग तसं नाही हे दाखवणं त्याच्याकडे. चाळीस वर्षं होऊन गेली. मध्ये पुराव्याचा कायदाच नवा आला, हे कलम आलं नाही. आत काय झालं हे फक्त आत असलेल्यांना माहीत, आणि सिद्ध मात्र बाहेर रडत बसलेल्या आईने करायचं.

आता मी एक करते. तो प्रश्न विचारण्याआधी कोर्टाला विनंती करते की पोलिसांना दाराबाहेर उभं करा आणि आरोपीला चपला काढून चार पावलं चालायला सांगा. काही न्यायाधीश लगेच ऐकतात, काही घड्याळाकडे बघतात. त्या दिवशी मला हे सुचलं नव्हतं. पोरगा नको म्हणाला आणि मी गप्प बसले.

पुढच्या तारखेला तो जेलमधून आला, चपला घालून. पाय बरे झाले होते. मेडिकलच्या कागदावर लिहिलं होतं, अंगावर ताजी जखम नाही. मोटार त्याच्याकडे सापडलीच नव्हती. कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, त्या पहिल्या दिवसाची नोंद मी आजही कधीतरी काढून बघते. "आरोपीस विचारणा केली. तक्रार नाही."