मुंग्या फक्त हिच्याच चादरीला

जुलैतला गुरुवार, कळव्याला सकाळपासून नुसता धो धो पाऊस, क्लिनिकमधे जेमतेम चार पेशंट. बंद करायच्या वेळेला खारेगावची एक आई आली, कडेवर मुलगी. मुलगी ६ वर्षांची, एवढी मोठी पोर कडेवर का, हे बघूनच मला खटकलं.

आठवड्यापूर्वी हिच्याबद्दलच आईचा फोन आला होता. मॅडम, आता धाकटी पण अंथरुणात शू करायला लागली हो, दादासारखीच. दादा ९ वर्षांचा, माझा जुना पेशंट, त्याची गादी अजून ओली होते आणि त्यांच्या पप्पांचंही दहा-अकरा वर्षांपर्यंत चालू होतं हे मला माहीत, म्हणजे घरातलंच आहे असं धरून मी सांगून टाकलं की संध्याकाळनंतर पाणी कमी द्या, झोपताना शूला पाठवा, आणि फोन ठेवला. बाहेर गर्दी होती. पण मधे ती कोरडी होती का, हा एक प्रश्न मी विचारलाच नाही.

कोरडी होती, चांगली तीन वर्षं. सलग सहा महिने कोरडं राहिलेलं मूल परत गादी ओली करायला लागलं तर कारण शोधायचं असतं, लघवीचं इन्फेक्शन असेल, बद्धकोष्ठता असेल, घरात शाळेत काही घडलं असेल, किंवा शुगर. हे मी शिकलेय, दुसऱ्यांना सांगितलंयसुद्धा.

आई सांगत होती, मॅडम, पाण्याची बाटली लपवून ठेवली तर बाथरूमच्या नळाला तोंड लावून पीत होती, आजीने एक फटका दिला, मी पण दिला, आणि घरात मुंग्या किती झाल्यात, पावसामुळे असतील म्हणून लक्ष दिलं नाही, पण दोघांच्या चादरी शेजारी शेजारी ठेवल्या तरी मुंग्या हिच्याच चादरीला लागतात.

माझा लिहिता हात थांबला. वजन केलं. मार्चमधे कार्डावर २०.५ होतं, आता १७.८. जीभ कोरडी, श्वास खोल खोल आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. बोटाला टोचून शुगर बघितली, ४३८. लघवीच्या पट्टीवर साखर आणि कीटोन दोन्ही.

टाइप वन डायबिटीस, म्हणजे साखर वापरायला लागणारं इन्सुलिन शरीरात बनणंच जवळजवळ बंद. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, ती लघवीतून बाहेर पडते आणि जाताना पाणी घेऊन जाते, म्हणून शू जास्त, म्हणून तहान. ती जास्त पाणी पिते म्हणून शू होत नव्हती, शू जास्त जातेय म्हणून ती पाणी मागत होती, आणि आम्ही मोठी माणसं तेच बंद करून बसलो होतो. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, कीटोन साठतात, रक्त आम्लधर्मी होत जातं, तिथून पोर बेशुद्ध व्हायला फार वेळ लागत नाही.

ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलला फोन करून बेड धरला, ॲम्ब्युलन्स कळवा नाक्याच्या ट्रॅफिकमधे अडकली म्हणून शेवटी शेजारच्या मेडिकलवाल्या दादांच्या गाडीतून नेलं, मी सोबत. पुलावर आई रडायला लागली, मी मारलं हो तिला. मी म्हटलं, पाणी कमी करायला मीच सांगितलं होतं, ती चूक माझी आहे. ती काही बोलली नाही, फक्त मुलीचे केस मागे घेत राहिली.

दोन दिवस आयसीयू, सलाईन, इन्सुलिन. चौथ्या रात्री गादी कोरडी.

मग आईने विचारलं, दादाला पण शुगर असेल का? त्याची बघितली, ९४, लघवी पण क्लीन. त्याचं प्रकरण वेगळं, तो कधी कोरडाच नव्हता. पाचव्या वर्षी साधारण शंभरातली १५ मुलं गादी ओली करतात आणि दरवर्षी त्यातली साधारण १५ टक्के आपोआप थांबतात. झोप इतकी गाढ की लघवीची पिशवी भरल्याचा निरोप पोहोचत नाही, काहींच्यात रात्री लघवी कमी करणारं हार्मोन कमी पडतं, त्यात पप्पांकडून आलेलं. आळस नाही, मुद्दाम तर नाहीच. यालाही मी नीट वेळ दिला नव्हता. आता खोदून विचारलं तर शाळेचं टॉयलेट घाण म्हणून दिवसभर धरून ठेवतो, संडासला तीन-तीन दिवस होत नाही, आणि कडक झालेलं शौच लघवीच्या पिशवीवर दाबत असतं. मापाच्या कपात शू मोजायला लावली. या वयाला ३०० मिलीच्या आसपास मावायला हवी (वय अधिक एक, गुणिले ३०), याची १४० च्या वर जाईना.

पोट साफ व्हायचं औषध, पाणी भरपूर पण सकाळ-दुपारी, दर दोन-तीन तासांनी शू, आणि ओलं झालं की वाजणारा अलार्म. सुरुवातीला अलार्मने घरातले सगळे उठायचे, तो सोडून, पप्पा त्याला हलवून उठवून टॉयलेटला न्यायचे.

ऑक्टोबरमधे दोघं फॉलोअपला आली. धाकटी स्वतः बोट पुढे करून शुगर बघते आता, वजन २१. दादाने कॅलेंडर आणलं होतं, कोरड्या रात्रीला तिने लाल स्केचपेनने फूल काढलेलं. सप्टेंबरमधे १९ फुलं. एका तारखेवर अर्धंच होतं, विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी थोडीशीच झाली होती ना.