रिपनवर अख्खं लेक्चर

पुण्यात एमपीएससीच्या पोरांना आधुनिक भारताचा इतिहास शिकवतो मी. लॉर्ड रिपन, म्हणजे १८८० ते १८८४ चा भारताचा व्हाइसरॉय, आमच्याकडे तीन वन-लायनर, १८८१ फॅक्टरी ॲक्ट, १८८२ स्थानिक स्वराज्य, १८८३ इल्बर्ट बिल, की लगेच पुढचा व्हाइसरॉय डफरिन. परवा फळ्यावर हेच लिहीत होतो तर वसईची एक मुलगी म्हणाली, सर रिपन कॅथलिक होता ना, मग प्रोटेस्टंट इंग्लंडने त्याला व्हाइसरॉय केलाच कसा?

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि हा माणूस माझा फार आवडता, मग काय, डस्टर ठेवलं आणि सांगत बसलो.

जन्मच १० डाउनिंग स्ट्रीटमधला, वडील तेव्हा पंतप्रधान. इंग्लंडात बांधलेल्या अलाबामा जहाजाने अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेची व्यापारी जहाजं बुडवली, त्या भरपाईवरून दोन्ही देशांचं चांगलंच बिनसलेलं, तर १८७१ ला ब्रिटिश शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेला रिपनच आणि प्रकरण लवादाकडे द्यायचा करार करून आला. लवादाने इंग्लंडवर १ कोटी ५५ लाख डॉलर लावले आणि इंग्लंडने ते भरले सुद्धा! १८७४ ला हा फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुसंघटनेचा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर होता, ते पद सोडलं आणि कॅथलिक झाला. पेपरवाल्यांनी झोड उठवली, आणि माजी पंतप्रधान ग्लॅडस्टननेही त्याच वर्षी लिहिलं की रोमकडे जाणारा माणूस स्वतःच्या बुद्धीचं स्वातंत्र्य गमावतो. १८८० ला पुन्हा पंतप्रधान झाल्यावर त्याच ग्लॅडस्टनने त्याला भारतात पाठवलं, पहिला कॅथलिक व्हाइसरॉय म्हणून.

१८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावात तो स्पष्ट म्हणतो की कारभार सुधारावा हा मुख्य हेतू नाही, लोकांचं राजकीय शिक्षण व्हावं हा आहे. स्थानिक मंडळांत सरकारी सभासद एक तृतीयांशाच्या वर नकोत. आजचा नगरसेवक त्याच वाटेवरचा आहे हो!

मग तीच मुलगी, सर इल्बर्ट बिलात माघार का घेतली? बरोबर विचारलं तिने. गोऱ्या आरोपीला भारतीय न्यायाधीशासमोर उभं करायचं म्हटल्यावर कलकत्त्याचे युरोपियन खवळले आणि शेवटी तडजोड झाली, गोऱ्याला निम्मे गोरे असलेली ज्युरी मागायची सोय. तिथे तो कमी पडला असं माझं स्पष्ट मत आहे, तरी १८८४ च्या डिसेंबरात त्याला निरोप द्यायला मुंबईत तुफान गर्दी लोटली होती. का लोटली असेल म्हणून मी वर्गाला विचारलं आणि त्यावर पोरं अशी भांडली की डफरिन राहूनच गेला.